कागदाच्या मागच्या बाजूला

सर, तुमची ट्रंक परवा उघडली. काकूंचा निरोप आला होता की घराचं छप्पर बदलायचं आहे, माळ्यावरचं सगळं खाली उतरवलंय, तुझ्या सरांचे कागद तू येऊन ने, नाहीतर मुलगा भंगारात घालील. मी सरावलीहून निघाले आणि दोन एसट्या करून चिखल्याला उतरले. रस्ता रुंद झालाय, किनाऱ्याला हॉटेलं आलीत, पण तुमच्या घराकडे वळणारी वाट अजून तशीच चिकूच्या वाडीला चिकटून जाते. तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ओहोटीचा वास येतो. तुम्ही गेल्यानंतर मी त्या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं. काकू दरवर्षी कुणाच्या तरी हाती चिकू पाठवायच्या आणि मी फोनवर आभार मानायची, चाळीस वर्षं. परवा त्यांनी दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हातारी झालीस की ग." मी म्हटलं, "सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे आता." त्या हसल्या नाहीत. मग मीच कशीबशी हसले.

तुम्ही आम्हाला चित्रात चेहरा काढू देत नव्हतात. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि नाही काढला तरी चालेल. आधी वजन कुठे पडलंय ते शोध, म्हणायचात. दमलेला माणूस चेहऱ्याने खोटं बोलेल, पाठीने बोलता येत नाही त्याला. शाळेतली बाकीची मुलं फुलदाण्या आणि घडीचे पडदे काढून इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत होती, आणि तुम्ही आम्हा तिघी-चौघींना घेऊन तलासरीच्या स्टँडवर जाऊन बसायचात. तिथे माणसं बसची वाट बघायची. कुणी गुजरातच्या कारखान्यातून सुटी घेऊन परत आलेलं, कुणी बोटीवर खलाशाचं काम करून महिनोन्‌महिन्यांनी घरी चाललेलं. तुम्ही म्हणायचात, वाट बघणाऱ्या माणसाइतकं चांगलं मॉडेल नाही, त्याला आपण कसे दिसतोय याची आठवण नसते. एकदा पेन्सिल कागदावर टेकली की मॉडेलशी बोलायचं नाही, हा तुमचा नियम. बोललं की माणूस सावरून बसतो आणि वजन उडून जातं. पण नियम तिथे संपत नव्हता. चित्र झालं की पेन्सिल खाली ठेवायची, त्या माणसाजवळ जायचं आणि विचारायचं, कुठे दुखतंय? जे उत्तर मिळेल ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं. त्याशिवाय तुम्ही चित्र तपासायला घेत नव्हतात. पुढची बाजू कितीही चांगली असो, मागची कोरी दिसली की कागद परत.

मला ती मोळीवाली अजून दिसते. मोळी विकून झाली होती, डोक्यावरची चुंबळ काढायची राहून गेली होती. तुम्ही बोर्ड मांडीवर घेतलात तशी ती ओरडली, "मास्तर, माझा फोटू काढतां का?"

"फोटो नाही मावशी, चित्र."

"मंग बारीक काढा. जाडी निघाली तं माझा नवरा म्हणल, ही कोणाची बाय आणली."

स्टँडवरची सगळी माणसं हसली. तुम्हीही हसलात, आणि ती हसून दमून पुन्हा पहिल्यासारखी बसेपर्यंत थांबलात. मग पंधरा मिनिटं तुमची पेन्सिल चालली. शेवटी तुम्ही जवळ जाऊन विचारलंत, कुठे दुखतं मावशी? ती म्हणाली, "कुठं नाय दुखत तां इचारा." तुम्ही तेच लिहिलंत. त्याच बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी टोपी, पायाशी कापडी पिशवी. त्यांना मी काढलं होतं. मी भीतभीत विचारलं तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काँई नथी, बेन. बस, बेठो छूं." काही नाही, नुसता बसलोय. मला वाटलं उत्तरच मिळालं नाही, आता तुम्ही कागद परत करणार. तुम्ही मात्र ते वाक्य दोनदा वाचलंत. परतीच्या बसमध्ये म्हणालात, "गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला अजून गुडघा आहे. ज्याला काहीच दुखत नाही, नुसता बसलाय, त्याच्याकडे नीट लक्ष ठेवावं." मी मान हलवली. मी दहावीत होते, आणि त्या वयात तुमच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची.

रविवारी मी तुमच्या घरी यायची. तिथे मॉडेल नसायचं म्हणून तुम्हीच बसायचात. मागच्या पडवीत ते बुटकं लाकडी स्टूल भिंतीपासून हातभर पुढे ओढायचात, उजेड डाव्या खांद्यावर घ्यायचात आणि म्हणायचात, "बसतो. सुरू कर." मी समोर स्वयंपाकघराच्या पायरीवर बोर्ड घेऊन बसायची. काकू माझ्या बाजूने पाय वाचवत ये-जा करायच्या आणि म्हणायच्या, "एवढ्या वेळात दोन नारळ सोलून झाले असते." तुम्ही मॉडेल असल्यामुळे उत्तर देऊ शकत नव्हतात, आणि काकूंना ते ठाऊक होतं. तुम्हाला काय काय ऐकवायचं असेल ते त्या रविवारी त्याच वेळात ऐकवायच्या. चित्र झालं की मी विचारायची, सर, कुठे दुखतंय? तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "कान."

तो रविवार तसा नव्हता. मी आले तेव्हा काकू वाडीत होत्या. मी घरातून थेट मागे गेले, तर तुम्ही स्टुलावर बसलेले होतात. स्टूल भिंतीला टेकलेलं. उजेड तुमच्यावर नव्हताच, तो तुमच्यापासून हातभर पुढे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडला होता. दोन्ही कोपर मांड्यांवर, डावा हात मनगटापासून दुमडलेला, आणि उजवा गुडघ्यांच्या मध्ये लोंबत, तळवा उघडा, वर वळलेला, बोटं एकमेकांपासून सुटलेली. मान इतकी खाली की मानेचा मणका शर्टाच्या कॉलरमधून वर आला होता. बाजूला चहाचा कप, त्यावर जाड साय. मी धरून चालले की आज तुम्ही माझ्यासाठी अवघड पोझ घेतली आहे. मी आवाज न करता पायरीवर बसले आणि सुरू केलं.

तसं चित्र त्याआधी माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पेन्सिल मी चालवत नव्हते, ती कुठे जायचं ते जाणत होती. पाठीची एकच रेघ मानेपासून कमरेपर्यंत मी न थांबता ओढली आणि ती बरोबर आली. सगळं वजन कुठे पडलंय ते मी शोधत होते आणि ते सापडेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते त्या उघड्या तळव्यात आहे, रिकाम्या. तिथे काहीच नव्हतं आणि सगळ्यात जड तेच होतं. पोझ घेतलेल्या माणसाच्या बोटांत थोडासा ताण असतो, तो कितीही सैल बसला तरी. तुमच्या बोटांत तो नव्हता. मी ती बोटं जशी दिसली तशी काढली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. त्या वेळात तुम्ही हलला नाहीत, वाडीतून पाखरांचाही आवाज आला नाही, आणि कपावरची माशी बसली होती तिथेच बसून होती. शेवटी मी पावलं काढत होते, मान खाली घालून, बराच वेळ. पावलं झाली, मी तारीख घातली आणि उठले. तुम्ही त्याच जागी तसेच होतात, फक्त म्हणालात, "झालं?" मी म्हटलं, "झालं, सर." आणि निघाले. मागची बाजू कोरी होती. घोलवडकडून येणारी बस होती, ती चुकली असती. मी वाटेवर अक्षरशः पळत सुटले, कागद छातीशी धरून. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला तुम्ही चालत गेलात. चिखल्याचा समुद्र किती आत जातो ते आपण दोघांनी किती वेळा काढलंय. ओल्या वाळूवर दूर गेलेल्या माणसांचे पाय दिसेनासे होतात आणि ती जमिनीला न टेकता उभी असल्यासारखी वाटतात. तुम्हीच दाखवलं होतंत, म्हणाला होतात, बघ, यांना वजन नाही, यांना काढू नको. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांनी तुम्हाला बघितलं होतं. त्यांना वाटलं मास्तर रोजच्यासारखे चित्र काढायला चाललेत. बगलेत बोर्ड नव्हता हे त्यांना संध्याकाळी आठवलं. चपला कोरड्या वाळूत शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. तुम्ही झाई गावाच्या बाजूला सापडलात. काय झालं होतं ते काकूंनाही कळलं नाही, निदान त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. शाळेला एक दिवस सुटी मिळाली. मी घरी बसून होते आणि आईने दोनदा विचारलं की तुला ताप आहे का.

ते चित्र दाखवून मला मुंबईत कलाशाळेत प्रवेश मिळाला. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने ते हातात घेऊन खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "हे बसले कसे इतका वेळ?" मी म्हटलं, आमचे सर आहेत, ते बसतात. पुढे वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत कथांना चित्रं काढायचं काम मिळालं आणि ते तीस वर्षं चाललंय. तुम्हाला या कामाची गंमत वाटली असती. बुधवारी कथा येते, गुरुवारी दुपारी बाराच्या आत चित्र जातं. पूर्वी पार्सलने पाठवायची, आता सरावलीतल्या घरातूनच फोनवर जातं. एकदाही उशीर झालेला नाही. आणि मराठी कथेत हरलेला, थकलेला माणूस महिन्यातून एकदा येतोच, शेतात येतो, ऑफिसात येतो, दवाखान्याच्या बाकावर येतो. दर वेळी मी एकच माणूस काढते. कपडे बदलते, भिंत बदलते. कोपर मांड्यांवर, उजवा तळवा उघडा. वाचक पत्रं पाठवतात की त्या हाताने गलबलून आलं. संपादक मंडळी त्याला 'बाईंचा माणूस' म्हणतात. मी तुम्हाला किती वेळा बसवलं, सर, हिशेब नाही. एकदाही विचारलं नाही कुठे दुखतंय.

मागच्या दिवाळीआधी पुरवणीची पानं लावणाऱ्या मुलीचा फोन आला. चेष्टेखोर आहे, मला आजी म्हणते. म्हणाली, "आजी, तुमचा म्हातारा उठायला लागलाय का?" मी म्हटलं, काय बोलतेस? ती म्हणाली, "अहो, मी जुनी चित्रं स्कॅन करतेय ना. आधी त्याचं टक्कलच दिसायचं. आता कान दिसतो, गाल दिसतो. थोड्या दिवसांनी गुड मॉर्निंग म्हणेल." मी हसले आणि फोन ठेवला. मग कपाटातली कात्रणं काढून दिवाणखान्याच्या फरशीवर वर्षांच्या क्रमाने मांडली. दुपार होती, लख्ख ऊन होतं, तरी मी मध्येच उठून पुढचं दार लावून घेतलं. ती खरं सांगत होती. पहिल्या चित्रात मानेचा मणका आहे. सात-आठ वर्षांनी कानाची पाळी येते. मग जबड्याची कड. मग कपाळ. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक दिसत नाही, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं की एक माणूस तीस वर्षं हळूहळू मान वर करतोय. शेवटच्या चित्रात भुवईखालची सावली दिसत होती. डोळा तेवढा राहिला होता. मी हे ठरवून केलेलं नाही. त्यानंतर दोनदा मी मुद्दाम मान खाली काढून पाहिली. पाठ तीच, हात तोच, पण तो माणूस थकलेला वाटेना, कुणापासून तरी लपणारा वाटायला लागला. दोन्ही कागद मी फाडले आणि वेळ झाली होती म्हणून नेहमीसारखी मान काढून चित्र पाठवलं.

तर परवा ट्रंक उघडली. तळाशी वाळवी लागली होती, वरचे कागद शाबूत होते. काकूंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या मला मागची बाजू वाचायला सांगत होत्या. मी वाचत होते: डावा खांदा. कंबर, नेहमीचीच. सून बोलत नाही. कुठं नाय दुखत तां इचारा. काकू एकेक ऐकून म्हणत, ही झाईची, ही गेली. हा अजून आहे, बोलत नाही कुणाशी. मग एक कागद आला, त्यात मी होते. स्वयंपाकघराची पायरी, मांडीवर बोर्ड, दोन वेण्या, त्यातली एक बोर्डावर आलेली. माझा चेहरा होता, सर. तुम्ही चेहरा काढला होतात, आणि आधी तोच काढला असावा, कारण बाकी सगळं घाईत होतं. जीभ दातांत धरलेली, भुवया वर, खाली कुठेतरी बघणारी. पावलं काढताना मी तशी दिसत असणार. कोपऱ्यात त्याच रविवारची तारीख. "दिवे लागेपर्यंत तिथंच बसून होते," काकू म्हणाल्या, "मग कागद मागितला. मला वाटलं, बरं झालं, उठले एकदाचे." मी कागद उलटा केला. तुमचं बारीक अक्षर: 'आज हिचा हात फार छान चालला होता. मध्येच हाक मारवेना.'

काकूंनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही, तारीख आहे. त्या चहा करायला आत गेल्या. स्टूल अजून पडवीत आहे, भिंतीला टेकलेलं, त्यावर जुनं पोतं घातलंय. मी पोतं बाजूला केलं आणि बसले. मला फक्त बघायचं होतं की तिथून पायरीवरच्या मुलीचा चेहरा दिसायला मान किती वर करावी लागते. कोपर मांड्यांवर ठेवले. मान वर केली. फार नाही करावी लागत. भुवईखालची सावली जाऊन डोळा उघडा पडेल, एवढीच. समोर पायरी रिकामी होती. मी पावलं काढत होते तेवढ्या वेळात तुम्ही मला असं बघितलं होतं, मी मान वर केली असती तर तुमचे डोळे मला दिसले असते. किती वेळ बसले ठाऊक नाही. माझं लक्ष नव्हतं तेव्हा माझा उजवा हात गुडघ्यांच्या मध्ये आला होता, आणि तळवा उघडा होता.

काकू चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. "ऊठ," त्या म्हणाल्या. "ऊठ तिथून. ऊठ म्हणते ना!" मला उठता येईना. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, भिंत धरत माझ्यापर्यंत आल्या, माझा तो हात दोन्ही हातांत घेऊन मिटवला आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय झालं? कुठे दुखतंय तुला?"

माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, काकू. नुसती बसलेय." त्यांनी हात सोडला नाही. चहावर साय आली तरी सोडला नाही, शेवटची बस गेली तेव्हाच सोडला, आणि मग म्हणाल्या, "आता राहा. भात टाकते." मी त्या रात्री तिथेच राहिले.

आज बुधवार, कथा आली आहे. गिरणीतून परत आलेला एक माणूस ओट्यावर बसतो, एवढीच आहे. उद्या बाराच्या आत चित्र द्यायचंय. यावेळी डोळे येतील, आणि मी ते येऊ देणार आहे. टेबलावर मी काढलेलं तुमचं ते चित्र ठेवलंय, उलटं करून. मागची बाजू अजून कोरी आहे. तिथे मॉडेलचेच शब्द लिहायचे असतात, माझे तिथे बसत नाहीत, म्हणून ते या कागदांवर लिहिले आणि हे कागद आता मी घेऊन आलेल्या तुमच्या ट्रंकेत जातील, दुसरं कुठे पाठवणार. एकच राहिलं. वर मी लिहिलंय की तुम्ही पोझ घेतली आहे असं मी धरून चालले. चाळीस वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आलेय. सर, त्या दिवशी तुम्ही 'बसतो, सुरू कर' म्हणाला नव्हतात. ही पोझ नाही हे मला हात काढतानाच कळलं होतं. विचारलं तर हात हलेल, म्हणून मी विचारलं नाही.